विश्लेषण : थंडीत पहाटे रूळ का तडकतो? विरार लोकलखालच्या पोलादातील ‘कणां’ची गोष्ट

डिसेंबर-जानेवारीतील पहाट. विरार, नालासोपारा, वसई रोडच्या फलाटांवर पहिल्या गाड्यांची गर्दी जमत असते आणि तेवढ्यात घोषणा होते : तांत्रिक कारणामुळे गाड्या उशिराने धावत आहेत. अनेकदा त्या ‘तांत्रिक कारणा’मागे रुळाला गेलेला तडा असतो. हजारो टन भार पेलणारे पोलाद जेमतेम १५ अंशांच्या थंडीत का तुटते? तुटते ते बहुधा जोडाजवळच का? आणि उन्हाळ्यात असे क्वचितच का घडते? या प्रश्नांची बरीचशी उत्तरे डोळ्यांना न दिसणाऱ्या एका गोष्टीत दडली आहेत. ती म्हणजे धातूची कणरचना.

कणरचना म्हणजे काय?

पोलादाचा तुकडा बाहेरून एकसंध, गुळगुळीत दिसतो. प्रत्यक्षात तो लाखो सूक्ष्म स्फटिकांनी बनलेला असतो. वितळलेला धातू थंड होऊ लागला की एकाच वेळी अनेक ठिकाणी अणू शिस्तीत रांगा लावू लागतात. प्रत्येक ठिकाणच्या रांगांची दिशा वेगळी असते. हे स्फटिक वाढत वाढत एकमेकांना भिडतात आणि तिथे थांबतात. अशा प्रत्येक स्फटिकाला ‘कण’ म्हणतात आणि दोन कण जिथे भिडतात तिला ‘कणसीमा’. वर्कशॉपमधले जुने कारागीर यालाच ‘दाणा’ म्हणतात. लोखंडाची सळई मोडून तुटलेल्या भागाकडे बघत ‘दाणा मोठा आहे’ असे सांगणारा लोहार हेच शास्त्र अनुभवाने बोलत असतो.

कणांचा आकार सहसा काही मायक्रोमीटरपासून शे-दोनशे मायक्रोमीटरपर्यंत असतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रोमीटर धरली, तर चांगल्या बांधकामी पोलादातील एकेक कण केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा भरतो. धातू सावकाश थंड झाला की कण मोठे होतात, भरभर थंड झाला की बारीक. तापलेला धातू ठोकून, दाबून किंवा रोलिंग मिलमधून काढून घडवला की जुने कण मोडून नवे बारीक कण तयार होतात. उलट, गरजेपेक्षा जास्त तापवून भट्टीत तसाच ठेवला तर लहान कण गिळून मोठे कण फुगतात.

कण बारीक असले की काय होते?

धातू वाकतो तेव्हा अणूंची अख्खी रांग एकदम सरकत नाही. घरात अंथरलेली मोठी सतरंजी एका टोकाला धरून ओढली तर हलत नाही. पण एका कडेला घडी करून ती घडी पुढे ढकलत नेली, तर सतरंजी सहज सरकते. धातूच्या स्फटिकात अशाच ‘घड्या’ असतात. त्यांना विस्थापने म्हणतात. विस्थापन एका कणातून पळत येते, पण कणसीमेपाशी अडते, कारण पलीकडे रांगांची दिशाच बदललेली असते.

कण जितके बारीक तितक्या सीमा जास्त, आणि सीमा जितक्या जास्त तितका धातू वाकवायला कठीण. ब्रिटनमध्ये ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये हे नाते आकड्यांत मांडले. ‘हॉल-पेच नियम’ म्हणून ते ओळखले जाते. कणाचा व्यास एक चतुर्थांश केला की ताकदीत कणांमुळे पडणारी भर दुप्पट होते, असा त्याचा ढोबळ अर्थ.

यातली खरी गंमत पुढे आहे. पोलाद मजबूत करण्याचे इतर बहुतेक उपाय, उदाहरणार्थ कार्बन वाढवणे किंवा पाणी देऊन कडक करणे, त्याला त्याच वेळी ठिसूळही करतात. कण बारीक करणे हा असा उपाय आहे की ज्याने मजबुती आणि चिवटपणा दोन्ही वाढतात. कारण तीच सीमा पसरत्या तड्यालाही आडवी येते. तड्याला प्रत्येक सीमेवर दिशा बदलावी लागते आणि त्यात त्याची ऊर्जा खर्ची पडते. मोठ्या कणांत मात्र तो एका कणातून सरळ रेषेत लांबवर धावतो.

मजबूत आणि चिवट यांत फरक काय?

रोजच्या बोलण्यात दोन्ही शब्द एकच वाटतात, पण धक्का सहन करण्याच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा आहे. काच मजबूत आहे, चिवट नाही. हळूहळू दाब वाढवला तर ती बराच भार घेते. हातोडीचा एक हलका फटका मात्र तिला पुरतो. धक्क्याच्या वेळी धातूला थोडे वाकून ऊर्जा जिरवायला वेळ मिळत नाही. वाकायला वेळ नाही म्हणजे तुटणे हाच पर्याय उरतो.

म्हणूनच धक्क्याची चाचणी वेगळी असते. १९०१ मध्ये फ्रेंच अभियंते जॉर्ज शार्पी यांनी रूढ केलेल्या चाचणीत १० मिलिमीटर जाडी-रुंदीचा आणि ५५ मिलिमीटर लांबीचा तुकडा घेतात, त्याला २ मिलिमीटरची खाच पाडतात आणि लंबकासारखा झुलणारा जड हातोडा त्यावर सोडतात. तुकडा मोडून हातोडा पलीकडे किती वर गेला यावरून तुकड्याने किती ऊर्जा शोषली हे कळते. बारीक कणांचे चांगले बांधकामी पोलाद इथे १०० जूलहून अधिक ऊर्जा शोषू शकते. रुळाचे नेहमीचे पोलाद मात्र अवघी काही जूल शोषून मोडते.

मग रुळासाठी असे पोलाद का वापरतात?

कारण रुळावरचा मुख्य शत्रू झीज हा आहे. चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी असते आणि मालगाडीच्या एका धुऱ्यावर २० टनांहून अधिक भार असतो. मऊ, चिवट पोलाद तिथे काही महिन्यांत चपटे होईल. म्हणून भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण रुळात ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो. त्याची ताणशक्ती किमान ८८० मेगापास्कल असते आणि त्यावरूनच त्याला ‘८८० ग्रेड’ म्हणतात. भिलाईच्या पोलाद कारखान्यात असे रूळ गेली अनेक दशके तयार होत आहेत.

या पोलादाची अंतर्रचना ‘पर्लाइट’ नावाची असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती मोत्याच्या शिंपल्याच्या आतल्या अस्तरासारखी चमकते, म्हणून हे नाव. मऊ लोह आणि कडक लोह-कार्बाइड यांचे पातळ थर आलटून पालटून रचलेले असतात. थर जितके पातळ तितका रूळ कडक आणि झिजेला पुरून उरणारा. पण चिवटपणा ठरतो तो पोलाद लालबुंद असताना त्यात जे कण होते त्यांच्या आकारावर. ते कण बारीक राखले तर थंड झाल्यावरचा रूळ तड्याला अधिक विरोध करतो. म्हणजे एकाच रुळात दोन रचना सांभाळाव्या लागतात : थर पातळ हवेत आणि मूळ कणही बारीक हवेत.

थंडीचा संबंध कुठे येतो?

थंडीने पोलाद ठिसूळ होते हे खरे आहे. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्यावर शांत पाण्यात उभे असलेले ‘शेनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध तुटले. त्या काळातील अनेक जोडकामाच्या जहाजांना असेच तडे गेले. केंब्रिजच्या धातुतज्ज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की दोष केवळ वेल्डिंगचा नव्हता. ते पोलादच एका ठरावीक तापमानाखाली चिवटपणा सोडून ठिसूळ होत होते. पुढे पेच यांच्या कामातून स्पष्ट झाले की कण बारीक केले तर ठिसूळ होण्याचे हे तापमान खाली ढकलता येते. १९१२ मध्ये बुडालेल्या ‘टायटॅनिक’च्या पत्र्याच्या नमुन्यांतही नंतर भरड कण आणि गंधकाचे जास्त प्रमाण आढळले.

पण वसई-विरारची पहाट म्हणजे उत्तर अटलांटिक नव्हे. रुळाचे पोलाद मुळातच ठिसूळ बाजूला झुकलेले असते. १५ अंशांवर ते अचानक बदलत नाही. इथे थंडी वेगळे काम करते. ती रुळाला ओढून धरते.

पूर्वी दोन रुळांमध्ये फट ठेवत आणि त्यावरून जाताना गाडीचा ‘खडखड’ असा ताल ऐकू येई. आता रूळ जोडून लांबच लांब सलग केले जातात. थंडीत रूळ आखडू पाहतो, पण त्याला आखडायला मोकळीक नसते. एक अंश तापमान घटले की रुळात सुमारे २.४ मेगापास्कल ताण तयार होतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाच्या छेदाचे क्षेत्रफळ साधारण ७७ चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे प्रत्येक अंशामागे १.८ टनांच्या आसपास ओढ. समजा, रूळ ४० अंशांवर ताणमुक्त करून बसवला आहे आणि पहाटे तो १५ अंशांवर उतरला. फरक २५ अंशांचा, ओढ सुमारे ४५ टनांची आणि ताण ६० मेगापास्कलचा.

८८० सोसणारा रूळ ६० मध्ये कसा तुटतो?

धडधाकट रूळ तुटत नाहीच. तुटतो तो आधीच सूक्ष्म तडा असलेला रूळ. कागदाची पट्टी ताणून फाडणे कठीण असते. कडेला नखाने छोटीशी चीर दिली की तीच पट्टी सहज फाटते. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तिथला पोलादाचा भाग आपल्या मर्यादेला पोहोचतो. वर्षभर लाखो चाकांखाली हा तडा कणाकणाने वाढत असतो. उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावून दाबाखाली असतो, त्यामुळे तड्याची तोंडे मिटलेली राहतात. थंडीत तीच तोंडे उघडली जातात. त्यावर येतो चाकाचा धक्का.

चाक नेहमी गुळगुळीत गोल असते असे नाही. ब्रेक लागताना चाक घसरले की त्याचा एक भाग चपटा होतो. रेल्वेच्या भाषेत त्याला ‘फ्लॅट’ म्हणतात. लोकलच्या डब्याच्या नव्या चाकाचा व्यास सुमारे ९५० मिलिमीटर, म्हणजे परीघ जवळपास ३ मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाने ते सेकंदाला सातपेक्षा जास्त फेरे घेते आणि चपटा भाग तितक्याच वेळा रुळावर हातोड्यासारखा आपटतो. अशा आघाताचा जोर उभ्या गाडीच्या भाराच्या दुपटीहून अधिक होऊ शकतो. ओढ, जुना तडा आणि आघात ही तीन कारणे एकत्र आली की तडा क्षणार्धात आरपार जातो.

तुटण्याची जागा बहुधा जोडाजवळच का?

इथे कणरचना थेट समोर येते. रूळ जोडण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

पहिली ॲल्युमिनो-थर्मिक, म्हणजे ‘थर्मिट’ जोड. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९०च्या दशकात ही अभिक्रिया वापरात आणली आणि १८९९ मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ त्याने जोडले गेले. आयर्न ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पूड यांचे मिश्रण पेटवले की तापमान २,००० अंशांच्या बरेच वर जाते आणि वितळलेले पोलाद दोन रुळांमधल्या साच्यात ओतले जाते. वीज लागत नाही, अवजड यंत्र लागत नाही, रात्रीच्या थोड्या वेळाच्या ब्लॉकमध्ये जागेवरच काम होते. हा तिचा मोठा फायदा. पण तयार होतो तो एक छोटा ओतीव तुकडा. तो घडवलेला नसतो, नुसता थिजलेला असतो. त्यामुळे त्यातले कण भरड आणि खांबांसारखे लांबट असतात. थिजताना आत हवेची छिद्रे किंवा मळी राहण्याची शक्यता असते.

दुसरी ‘फ्लॅश बट’ जोड. यात रुळांची टोके विजेने तापवून एकमेकांवर जोराने दाबतात. वितळलेला थर बाहेर फेकला जातो आणि तापलेली टोके एकमेकांत घडवल्यासारखी बसतात. कण त्यामानाने बारीक राहतात आणि उष्णतेने बिघडलेला पट्टाही अरुंद असतो. म्हणून कारखान्यात आणि आता फिरत्या यंत्रांद्वारे मार्गावरही याच पद्धतीवर भर दिला जातो. मात्र रूळ बदलताना, तुटलेला भाग काढून नवा तुकडा घालताना आणि सांध्यांच्या ठिकाणी थर्मिट जोड अजूनही लागतोच.

जोडाच्या दोन्ही बाजूंना आणखी एक नाजूक पट्टा असतो. तिथला रूळ वितळलेला नसतो, पण तापून त्याची मूळ रचना बदललेली असते. काही ठिकाणी पर्लाइटचे थर गोळ्यांसारखे गुंडाळले जाऊन पोलाद मऊ पडते. मऊ भाग लवकर झिजतो आणि जोडापाशी किंचित खड्डा तयार होतो. चाक त्या खड्ड्यात आपटते, आघाताने खड्डा वाढतो, खड्ड्याने आघात वाढतो. दुष्टचक्र सुरू होते. प्रवाशाला डब्यात बसल्या बसल्या एका ठरावीक जागी रोज ‘धप्प’ असा आवाज येतो तो अनेकदा याचाच असतो.

हे आधी ओळखता येते का?

बऱ्याच अंशी. अल्ट्रासोनिक तपासणीत ध्वनिलहरी रुळात सोडून तड्यावरून परतणारा प्रतिध्वनी टिपला जातो. पण कणांची अडचण इथेही येते. भरड कणांवर आपटून लहरी विखुरतात आणि पडद्यावर गवतासारखा गोंधळ उमटतो. त्या गवतात छोट्या तड्याची खूण हरवू शकते. म्हणून थर्मिट जोडांची तपासणी वेगळी, वेगवेगळ्या कोनांतून आणि अधिक काळजीने करावी लागते.

यंत्राखेरीज माणूस असतोच. आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासणारा की-मॅन आणि थंडीच्या दिवसांत रात्री-पहाटे होणारी खास गस्त हा या व्यवस्थेचा कणा आहे. तडा दिसला की लाल झेंडा किंवा दिवा दाखवून गाडी थांबवणे, रुळावर आवाजी फटाके लावणे, मग तुटलेल्या जागी जॉगल्ड फिशप्लेट आवळून गाड्या मंदगतीने सोडणे हा क्रम ठरलेला आहे. रुळातून वाहणाऱ्या विजेच्या मंडलावर सिग्नल चालत असेल तर तुटलेल्या रुळामुळे सिग्नल लाल होतो, पण तुटलेली टोके एकमेकांना टेकलेली असतील तर तोही इशारा मिळत नाही. गर्दीच्या वेळी १२ डब्यांच्या एका लोकलमध्ये सुमारे ५ हजार माणसे असतात. १८६७ मध्ये विरारहून बॅक बेकडे दिवसाला एकच गाडी सुटे, तेव्हा रूळ तुटण्याचा धोका आणि आजचा धोका यांत हा फरक आहे.

वसईच्या घंटा काय सांगतात?

धक्का आणि धातूची रचना यांचे नाते समजायला वसईचा इतिहासही उपयोगी पडतो. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. तिथल्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात नेल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरची घंटा त्यांपैकीच म्हणून ओळखली जाते.

घंटा आणि त्या काळातील ‘पितळी’ म्हटल्या जाणाऱ्या अनेक तोफा एकाच कुळातल्या, तांबे आणि कथलाच्या. घंटेत कथील साधारण पाचवा हिस्सा असते, तोफेत दहावा हिस्सा. कथील वाढले की धातूत एक कडक, ठिसूळ घटक जाळ्यासारखा पसरतो. त्यामुळे घंटेचा नाद दूरवर घुमतो, पण चुकीच्या जागी बसलेला एक घाव तिला तडा देऊ शकतो आणि तडा गेलेली घंटा कायमची बद्द वाजते. तोफेला नाद नको असतो, बारुदाचा धक्का पचवणारा चिवटपणा हवा असतो. म्हणून युद्धकाळात युरोपात घंटा वितळवून तोफा ओतताना त्यात वरून तांबे मिसळावे लागे. धातू तेच, काम वेगळे आणि म्हणून अंतर्रचना वेगळी.

कण बारीक म्हणजे प्रत्येक धक्क्याला उत्तर?

नाही, आणि अलीकडचे संशोधन इथे अधिक रंजक आहे. धक्का किती झटपट बसतो यावर नियम बदलतो. प्रयोगशाळेत सळई सावकाश ओढणे, शार्पीचा हातोडा, बंदुकीची गोळी आणि स्फोट यांत धातूचा आकार बदलण्याचा वेग लाखो-कोटी पटींनी वेगळा असतो. गोळीच्या किंवा स्फोटाच्या धक्क्यात लहर धातूतून सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने धावते. पलीकडच्या मोकळ्या पृष्ठभागावरून परतताना तीच लहर दाबाऐवजी ओढ निर्माण करते. रणगाड्याच्या चिलखताला बाहेरून भोक न पडताही आतल्या बाजूने ढलपी उडते ती त्यामुळे. अशा वेळी कणसीमा ही ढाल न राहता आत पोकळ्या सुरू होण्याची जागाही ठरू शकते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये याहून वेगळे चित्र मांडले. एक ते शंभर मायक्रोमीटर कणांच्या तांब्यावर त्यांनी लेझरच्या साहाय्याने ध्वनीपेक्षा जास्त वेगाने सूक्ष्म गोळ्या सोडल्या. हॉल-पेच नियमाप्रमाणे बारीक कणांचे तांबे कडक ठरायला हवे होते. प्रत्यक्षात मोठ्या कणांचे तांबे अधिक कडक निघाले. इतक्या वेगात विस्थापनांना सीमेपेक्षा अणूंच्या कंपनांचाच विरोध जास्त होतो. मोठ्या कणांत त्यांना पळायला जागा मोकळी, त्यामुळे पळताना होणारा विरोधही मोठा, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

पुण्याच्या पाषाण भागातील ‘एआरडीई’ किंवा चंडीगडची ‘टीबीआरएल’ यांसारख्या संरक्षण प्रयोगशाळांसाठी असे प्रश्न रोजचे आहेत. उपग्रहाचे कवच, विमानाचे इंजिन, चिलखत यांसाठी त्याचे उत्तर महत्त्वाचे. रुळावरचा आघात मात्र या टोकापासून फार दूर, कितीतरी संथ असतो. त्यामुळे विरार लोकलखालच्या पोलादाला जुनाच नियम लागू आहे : कण बारीक असणे हिताचे.

वसई पूर्वेच्या कारखान्यांना याचा काय उपयोग?

वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर या पट्ट्यात लहान-मोठे शेकडो इंजिनीअरिंग कारखाने आहेत. पॉवर प्रेसचे डाय, क्रेनचे हूक, साखळ्या, हातोडे, शाफ्ट अशा धक्का सोसणाऱ्या वस्तू तिथे रोज वापरल्या जातात. अशी वस्तू अचानक तुटली तर नुकसान केवळ यंत्राचे होत नाही. उडालेला तुकडा कामगाराच्या डोळ्यावर किंवा हातावर येतो.

तुटलेला पृष्ठभाग नीट पाहिला तर बरेच कळते. तो मळकट, रेषारेषांचा आणि कडेने ओढल्यासारखा असेल तर वस्तू चिवटपणे, इशारा देऊन तुटली आहे. तो चमचमणारा, साखरेसारखा दाणेदार आणि सपाट असेल तर ती ठिसूळपणे तुटली आहे. कदाचित उष्णतासंस्करणात तापमान जास्त झाले किंवा वस्तू भट्टीत जास्त वेळ राहिली. शिंपल्यावरच्या वलयांसारख्या खुणा असतील तर तडा जुना आहे, तो हळूहळू वाढत आला आहे. नेमका निदान हवा असेल तर तुकडा घासून, चकाकी आणून, सौम्य आम्लाने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कणांना क्रमांक देतात. क्रमांक जितका मोठा तितके कण बारीक. एक क्रमांक वाढला की तेवढ्याच जागेतील कणांची संख्या दुप्पट होते.

तीन चुका टाळण्यासारख्या आहेत. पहिली, भट्टीतले तापमान केवळ रंगावरून ठरवणे. दुसरी, भार उचलणाऱ्या हुकाला किंवा साखळीला कुठेतरी सहज म्हणून वेल्डिंगचा टाका मारणे. तिथला कण बदलतो आणि तीच जागा कमकुवत होते. तिसरी, तुटलेला तुकडा तपासण्याआधीच भंगारात टाकणे. अपघाताचे कारण बहुतेक वेळा त्याच तुकड्यावर लिहिलेले असते.

पुढे काय?

थर पातळ केलेले, डोके अधिक कडक केलेले रूळ वळणांवर आणि जड वाहतुकीच्या मार्गांवर वापरले जात आहेत. पालघर जिल्ह्यातून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर विरार आणि बोईसर ही स्थानके आहेत आणि तिथे ताशी ३२० किलोमीटर वेगाचे उद्दिष्ट आहे. अशा वेगात चाक आणि रूळ दोन्हींचा गुळगुळीतपणा आणि प्रत्येक जोडाची गुणवत्ता याला पर्याय उरत नाही.

उपनगरी मार्गावर मात्र उपाय साधेच आहेत : थर्मिट जोडांची संख्या कमी करणे, उरलेल्यांची तपासणी वेळेवर करणे, चपटी झालेली चाके लवकर कारशेडमध्ये नेऊन गोल करणे आणि रूळ योग्य तापमानाला ताणमुक्त करून बसवणे. प्रवाशांच्या हातीही एक गोष्ट आहे. रोजच्या मार्गावर एखाद्या ठिकाणी नवा, जोरदार दणका जाणवू लागला, तर तो स्टेशनवर किंवा रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवता येतो. पोलाद तुटण्याआधी बहुतेक वेळा आवाज करते. तो कोणीतरी ऐकून सांगणे गरजेचे असते.